लाल रेघेतलं सोनं

पिवळंधमक, बावनकशी, हळदीसारखं. सोन्यासाठी आपल्याकडे जेवढे शब्द आहेत ते सगळे पिवळ्याच्या घरचे. सराफाकडे जाऊन कुणी लाल सोनं मागितलेलं ऐकिवात नाही. पण मेडिकलमधून गुपचूप कागदात गुंडाळून आणलेलं जे प्रेग्नन्सी कार्ड असतं, त्याच्या खिडकीत उमटणारी गुलाबी-लाल रेघ बहुतेक वेळा शुद्ध सोन्याची असते. त्यात रंग मिसळलेला नसतो, शाई नसते. सोनंच तिथं लाल झालेलं असतं. एका पट्टीत ते जेमतेम काही मायक्रोग्रॅम असतं. गुंजभर सोन्यात अशा हजारो पट्ट्या निघतील.

हे लाल होणं मायकेल फॅरडेनं १८५७ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे मांडलं. सोन्याच्या क्षारातून त्यानं माणकाच्या रंगाचं पाणी तयार केलं होतं आणि हा रंग सोन्याच्या अतिसूक्ष्म कणांचा आहे, असं त्याचं म्हणणं होतं. कण दिसण्याजोगे नव्हते, तरी त्याचा तर्क बरोबर निघाला. १९०८ मध्ये गुस्टाव मी (Mie) या जर्मन भौतिकशास्त्रज्ञानं त्याचं गणित मांडलं. त्यानंतर आणखी काही दशकं हे ज्ञान रसायनशास्त्राच्या कपाटात पडून राहिलं. बायकांच्या न्हाणीघरात ते येऊन पोहोचेल, असं तेव्हा कुणाच्या ध्यानीमनी नसावं.

कणाचा व्यास धरा ४० नॅनोमीटर. अशा एका कणात सोन्याचे सुमारे २० लाख अणू मावतात. हिरव्या प्रकाशाची तरंगलांबी ५२० नॅनोमीटरच्या आसपास, म्हणजे कण त्या लाटेच्या तेराव्या हिश्शाएवढा. लाट एवढी मोठी आणि कण एवढा चिमुकला असला की अख्ख्या कणाला एका क्षणी एकाच दिशेचा ओढा जाणवतो. त्यातले मोकळे इलेक्ट्रॉन सगळे मिळून एका बाजूला सरकतात, मागे उरलेला धनभार त्यांना परत खेचतो, ते पलीकडे जातात, पुन्हा येतात. झोपाळाच हा. झोपाळ्याला त्याची ठरलेली लय असते आणि त्याच लयीत धक्का दिला की तो उंच जातो. सोन्याच्या कणाची लय नेमकी हिरव्या प्रकाशाशी जुळते. तो हिरवा गिळतो आणि उरलेल्या उजेडात लालाचा वरचष्मा राहतो. या सामूहिक हेलकाव्याला प्लाझ्मॉन म्हणतात. रंगाच्या एका रेणूपेक्षा असा एक कण हजारो पटींनी जास्त प्रकाश अडवतो. म्हणून तर इतक्या कमी सोन्यात नुसत्या डोळ्यांना दिसणारी रेघ निघते.

यातून एक गोष्ट लगेच हाती लागते. देवघरातल्या लाल झिरोच्या बल्बखाली ही रेघ वाचायला गेलात तर ती दिसणारच नाही. लाल उजेडात पांढरा कागद लाल परतवतो आणि रेघही लालच परतवते. दोघांत फरक उरत नाही. रात्रीच्या मंद पिवळ्या दिव्याखालीही फिकट रेघ हरवते. याउलट हिरव्या उजेडात तीच रेघ काळपट उठून दिसते, आणि पट्टी वाचणाऱ्या बऱ्याच यंत्रांत हिरवा एलईडी असतो तो याच कारणानं. घरी यंत्र नसतं, तेव्हा खिडकीजवळचा दिवसाचा उजेड सगळ्यांत चांगला.

हे लाल पाणी करायची पाककृती कॉलेजातही जमण्याजोगी आहे. ५० मिलिलिटर पाण्यात ०.०१ टक्का क्लोरोऑरिक ॲसिड घ्यायचं. हा सोन्याचा फिकट पिवळा क्षार. चंबू आधी अम्लराजानं, म्हणजे सोनंही विरघळवणाऱ्या आम्लांच्या मिश्रणानं, धुतलेला हवा. आधीच्या प्रयोगाचा धातूचा कणभर अंश चिकटलेला असला तरी सोनं त्याच्याभोवती वेडंवाकडं वाढतं. द्रावण खळखळून उकळू लागलं आणि ढवळणं चालू असलं की १ टक्का ट्रायसोडियम सायट्रेट एका झटक्यात ओतायचं. रंग आधी उडतो, मग निळसर-काळपट होतो, मग मिनिट-दोन मिनिटांत लाल चढतो. सायट्रेट १ मिलिलिटर घातलं तर कण साधारण १६ नॅनोमीटरचे होतात, अर्धा मिलिलिटर घातलं तर ४१ चे. गंमत अशी की सायट्रेट कमी केलं की कण मोठे होतात, कारण सुरुवातीला बीजं कमी पडतात आणि तेवढंच सोनं थोड्या बीजांवर बसतं. हे आकडे १९७३ मध्ये फ्रेन्सनं दिले. त्याआधी १९५१ मध्ये टर्केविचनं ही रीत बसवली होती. घाबरत, थेंबथेंब सायट्रेट सोडणाऱ्याचे कण लहानमोठे निघतात आणि रंग जांभळट येतो. इथं हात सैल सोडावा लागतो.

या पाण्यात चिमूटभर मीठ टाकलं की ते बघताबघता निळं-जांभळं पडतं. कणांवर सायट्रेटचा ऋणभार असतो, त्यामुळे ते एकमेकांना लांब ठेवतात. मीठ तो भार झाकून टाकतं, कण चिकटतात, आणि शेजारी आलेल्या कणांचे झोपाळे एकमेकांना बांधले गेल्यासारखे संथ होतात. मग ते हिरव्याऐवजी लालसर प्रकाश गिळतात. कारखान्यात याच गोष्टीचा परीक्षेसारखा वापर होतो. कार्डासाठी सोन्यावर अँटिबॉडी, म्हणजे ठराविक रेणूलाच पकडणारं प्रथिन, चढवायची तर किती घालायची? छोट्या नळ्यांत सोनं घेऊन चढत्या क्रमानं अँटिबॉडी घालतात आणि मग प्रत्येकीत १० टक्के मिठाचं पाणी सोडतात. जी नळी निळी पडते तिथं अँटिबॉडी अपुरी. ज्या नळीपासून लाल टिकतो तिथून पुरेशी. ती मात्रा आणि वर थोडी जास्त. आधी पोटॅशियम कार्बोनेटनं द्रावण साडेआठ-नऊ पीएचला आणलेलं असतं, आणि पीएच मीटरचा दांडा उघड्या सोन्यात बुडवायचा नाही हा नवख्याला मिळणारा पहिला दम. कण दांड्याच्या छिद्रात बसून तो बाद होतो.

जाता जाता: साखर, मीठ, टूथपेस्ट घालून दिवस राहिलेत का ते घरच्या घरी बघा, असे व्हिडिओ मराठीत ढिगानं आहेत. लघवीत मीठ टाकून दह्यासारखं फुटतं का ते बघायचं म्हणे. मिठाला हार्मोन ओळखता येत नाही. टूथपेस्टचा फेस लघवीच्या आंबटपणावर ठरतो आणि तो गरोदर नसलेल्या बाईच्या, इतकंच काय, तिच्या नवऱ्याच्या लघवीनंही येईल.

ओळखायचं असतं ते एचसीजी. गर्भ गर्भाशयाच्या अस्तरात रुजला की पुढे ज्यांची वार बनते त्या पेशी हे हार्मोन सोडू लागतात. रुजणं बहुतेक वेळा बीज सुटल्यापासून ८ ते १० दिवसांनी होतं. त्याआधी केलेल्या चाचणीला काही अर्थ नसतो, कार्ड कितीही महागाचं असो. या हार्मोनचे दोन तुकडे असतात, अल्फा आणि बीटा. घोळ अल्फाचा आहे: बीज सुटताना वाढणारं एलएच, तसंच एफएसएच आणि थायरॉइडला हाकणारं टीएसएच, या सगळ्यांत तोच अल्फा असतो. त्यामुळे जुन्या चाचण्या एलएचला फसायच्या. १९७२ मध्ये अमेरिकेतल्या नॅशनल इन्स्टिट्यूट्स ऑफ हेल्थमध्ये ज्युडिथ वायटुकायटिस आणि सहकाऱ्यांनी फक्त बीटाला धरणारी अँटिबॉडी वापरून रक्ताची चाचणी बसवली. स्त्रीआरोग्याच्या इतिहासात या कामाचं मोल फार मोठं आहे आणि त्या मानानं त्याची चर्चा फारच कमी होते. त्याआधी उंदीर मारून अंडाशय तपासायचे, आफ्रिकेतल्या बेडकीला लघवी टोचून ती अंडी घालते का बघायचे. घरी करण्याच्या पहिल्या संचाची कल्पना १९६७ मध्ये न्यू जर्सीतल्या ऑर्गनॉन कंपनीत काम करणाऱ्या मार्गारेट क्रेन या ग्राफिक डिझायनरची. तिनं प्रयोगशाळेत आरशावर ओळीनं लटकलेल्या नळ्या पाहिल्या आणि पेपर क्लिपा ठेवायच्या प्लास्टिकच्या डबीसारख्या डबीत तेच मांडलं. हे बायका घरी करतील, या कल्पनेलाच तेव्हा विरोध झाला.

आता कार्ड उघडून आत बघू. चार-पाच मिलिमीटर रुंदीची पट्टी, तिच्यावर ओळीनं एकमेकांवर किंचित चढवलेले चार तुकडे. पहिला लघवी शोषणारा. दुसरा काचतंतूंचा, त्यात सोनं वाळवून ठेवलेलं, साखरेच्या पाकात. साखर नसेल तर सोनं ओलं झाल्यावर नीट सुटत नाही आणि सुरुवातीलाच लाल डाग धरून बसतं. तिसरा नायट्रोसेल्युलोजचा पांढरा पडदा, तोच आपल्याला खिडकीतून दिसतो. चौथा टीपकागदासारखा, पाणी ओढून घेणारा. सोन्यावरची अँटिबॉडी बीटाला धरते. पडद्यावर ‘टी’च्या (टेस्टच्या) जागी अल्फाला धरणारी अँटिबॉडी रेघेत आखलेली असते. हार्मोन असेल तर तो एका हातानं सोनं आणि दुसऱ्या हातानं पडदा धरतो, आणि सोनं तिथं अडकत जातं. (काही कार्डांत अल्फा-बीटाची अदलाबदल असते, तत्त्व तेच.) पुढे ‘सी’च्या (कंट्रोलच्या) जागी सोन्यावरच्या अँटिबॉडीलाच धरणारी दुसरी अँटिबॉडी असते, त्यामुळे ती रेघ हार्मोन असो-नसो उमटते.

बहुतेक कार्डांची मर्यादा मिलिलिटरमागे २५ मिली-युनिट. वजनात हे तीन नॅनोग्रॅमहूनही कमी. ड्रॉपरच्या तीन थेंबांत मावणारे रेणू मोजले तर चारेकशे कोटी. आकडा मोठा वाटतो, पण तेवढं हार्मोन चिमटीत धरून तराजूत टाकलं तर काटा हलायचा नाही. प्रत्येक अडकलेला कण आपल्याबरोबर २० लाख अणूंचं लाल ओझं आणतो म्हणून ते दिसतं.

करायची रीत प्रत्येक पाकिटावर छापलेली असते, आणि तरी चुका ठरलेल्याच. पाकीट फाडायचं ते चाचणीच्या आधी, तासभर आधी नाही. आतली सिलिका जेलची पुडी शोभेला नसते. पडदा हवेतला ओलावा पितो आणि मग पाणी पडद्यावर नीट चढत नाही. कोकणातल्या पावसाळ्यात उघडं पाकीट तासाभरात बिघडायला सुरुवात होते असं धरून चालावं. कार्ड बहुधा ३० अंशांखाली ठेवायचं असतं, आणि चंद्रपुरात मे महिन्यात पत्र्याच्या छपराखाली ठेवलेलं कार्ड ही अट पाळत नाही. उष्णतेनं सोन्याला काही होत नाही, अँटिबॉडी मरते. फ्रिजमध्ये ठेवलं असेल तर पाकीट बंद ठेवूनच ते खोलीच्या तापमानाला येऊ द्यावं, नाहीतर पट्टीवर दव धरतं.

सकाळची पहिली लघवी घ्यायची, कारण रात्रभर पाणी न प्यायल्यानं ती दाट असते. ‘लघवी होत नाही’ म्हणून वर दोन तांबे पाणी पिऊन केलेली चाचणी सुरुवातीच्या दिवसांत खोटी नकारार्थी येऊ शकते. आणि ‘सी’ची रेघ तेव्हाही छान येते. हे लक्षात ठेवण्याजोगं आहे: पाणी वाहिलं, सोनं सुटलं, अँटिबॉडी जिवंत आहे, एवढंच ‘सी’ सांगते. लघवी पातळ होती की दाट, हे तिला कळत नाही. थेंब सांगितले असतील तेवढेच घालावेत. जास्त घातले तर लोंढा येतो, सोनं घाईनं वाहून जातं, हार्मोनला दोन्हीकडे हात द्यायला वेळ मिळत नाही. कधी लघवी खिडकीवरच चढते आणि सगळा पडदा गुलाबी दिसतो. कमी घातले तर टोकापर्यंत पोहोचतच नाही. ‘सी’ आली नाही की ते कार्ड बाद, मग ‘टी’ काहीही म्हणो.

सांगितलेल्या वेळेला वाचायचं, बहुधा पाच मिनिटांनी, आणि दहा मिनिटांनंतर बघायचं नाही. यावर जितकी भांडणं होतात तितकी दुसऱ्या कशावर होत नसतील. वेळ संपली की पडदा वाळू लागतो. टीपकागदात गेलेलं सोनं थोडं मागे सरकू शकतं, आणि जिथं अँटिबॉडी आखली आहे तिथली जागा मुळातच थोडी वेगळी असल्यानं तिच्यावर राखाडी चरा उठतो. कचऱ्याच्या डब्यातून दोन तासांनी काढलेल्या कार्डावर दिसणारी ती हीच रेघ. खरी रेघ गुलाबी असते, ‘सी’एवढी रुंद असते, वेळेत आलेली असते, फिकट असली तरी चालते. मोबाइलच्या फिल्टरमधून रंग उलटे करून शोधलेली रेघ मोजू नये. निळ्या रेघेच्या कार्डांत सोनं नसतं, रंगवलेले लॅटेक्सचे कण असतात, आणि निळा नि राखाडी यांत डोळा पटकन फसतो. म्हणून निवड असेल तेव्हा गुलाबीच बरी.

फिकट ‘टी’ आली तर अठ्ठेचाळीस तास थांबून दुसरं कार्ड वापरावं. सुरुवातीला एचसीजी दोन-तीन दिवसांत दुप्पट होतं, त्यामुळे रेघ गडद व्हायला हवी. नसबंदीची शस्त्रक्रिया झालीय, गोळ्या चालू आहेत, अँटिबायोटिक घेतलंय, यांनी रेघेत फरक पडत नाही. फरक पडतो वंध्यत्वाच्या उपचारात दिलेल्या एचसीजीच्या इंजेक्शननं. ते शरीरातून जायला दहा-चौदा दिवस लागू शकतात, आणि तोवर कार्ड त्या इंजेक्शनलाच गर्भ समजतं.

उलटी गंमतही आहे. हार्मोन अतोनात असेल तर रेघ फिकटते किंवा नाहीशी होते. सोन्यावरच्या सगळ्या अँटिबॉडीचे हात भरलेले, पडद्यावरच्याही भरलेले, मग दोघांना जोडणारं कुणी उरत नाही. द्राक्षगर्भात, म्हणजे वारेच्या पेशी द्राक्षांच्या घडासारख्या वाढतात तेव्हा, असं होऊ शकतं. दोन-अडीच महिन्यांनंतर लघवीत बीटाचा तुटका तुकडाही भरपूर येतो. काही कार्डांत तो एका अँटिबॉडीला धरतो, दुसऱ्याला नाही, आणि नुसतीच जागा अडवतो. पाळी तीन महिने नाही, मळमळ आहे, पोट दिसतंय आणि कार्ड म्हणतं ‘नाही’, असं झालं तर लघवीत पाणी घालून पुन्हा चाचणी केली जाते आणि रेघ येते. पातळ केल्यावर रेघ येणं हे ऐकायला उरफाटं वाटतं, पण त्यामागचं गणित सरळ आहे.

संशोधनाचा ओढा कित्येक वर्षं एकाच दिशेला राहिला: आणखी कमी हार्मोन पकडा. सोन्यावर चांदी चढवून रेघ गडद करा, यंत्रानं वाचा. २०२० मध्ये लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजच्या गटानं सोन्याच्या जागी नॅनो-हिरे वापरले. त्यांच्या चमकेला मायक्रोवेव्हनं ठराविक लयीत उघडझाप करायला लावायची आणि पार्श्वभूमीच्या गोंधळातून तेवढीच लय वेगळी काढायची. नमुना-प्रयोगात संवेदनक्षमता सोन्याच्या लाखपट निघाली. भौतिकशास्त्र म्हणून हे देखणं आहे, आणि एचआयव्हीसारख्या रोगात त्याचा उपयोग दिसतो. गर्भाच्या बाबतीत मात्र मला शंका आहे. १९८८ च्या अमेरिकेतल्या एका प्रसिद्ध अभ्यासात २२१ स्त्रियांची रोजची लघवी तपासली, तेव्हा लक्षात येण्याआधीच संपलेल्या गर्भधारणा २२ टक्के निघाल्या. जी पाळी पूर्वी दोन दिवस उशिरा आली म्हणून विसरली गेली असती, तिला अतिसंवेदनशील कार्ड आधी आनंद आणि मग दुःख असं नाव देतं. पंचवीसची मर्यादा तशी शहाणी आहे.

गरज आहे ती ‘किती’ हे सांगणाऱ्या पट्टीची. ‘आहे’ म्हणणारी रेघ गर्भ कुठं आहे ते सांगत नाही. गर्भ नळीत राहिला तरी तीच गुलाबी रेघ. तिथं डॉक्टर रक्तातलं बीटा-एचसीजी अठ्ठेचाळीस तासांच्या अंतरानं दोनदा मोजतात. सुरुवातीचा आकडा १५०० च्या खाली असेल तर निदान ४९ टक्के वाढ अपेक्षित धरतात, आणि सोबत सोनोग्राफी. वाढ त्याहून कमी असेल तर सावध व्हायचं. पोटात एका बाजूला दुखतंय, रक्त जातंय, चक्कर येतेय, अशा वेळी घरी तिसरं कार्ड लावत बसणं धोक्याचं. दवाखाना गाठायचा.

गोळ्यांनी केलेल्या गर्भपातानंतर हीच अडचण दुसऱ्या बाजूनं येते. आपल्याकडे कायद्यानं नऊ आठवड्यांपर्यंत गोळ्यांनी गर्भपात करता येतो. गर्भ पडून गेला तरी एचसीजी ओसरायला चारेक आठवडे लागू शकतात आणि तोवर साधं कार्ड ‘आहे’च म्हणत राहतं. बाई घाबरते, नको ती पिशवी साफ करून घेते. यावर निघालेली पट्टी अनेक पायऱ्यांची आहे: २५, १००, ५००, २०००, १०००० अशा मर्यादांच्या पट्ट्या एकाच चौकटीत. गोळ्या घेण्याआधी एकदा लावायची, आठवड्याभरानं पुन्हा, आणि पायरी खाली उतरली का एवढंच बघायचं. सोनं तेच, रेघ तीच, मांडणी वेगळी. लाखपट संवेदनक्षम हिऱ्यांपेक्षा ही मांडणी मला जास्त मोलाची वाटते. ‘निश्चय’ नावाची साधी कार्डं आशा ताईंच्या पिशवीत २००८ पासून आहेत. पायऱ्यांच्या पट्टीला त्या पिशवीत जागा मिळायला हरकत नसावी.

बऱ्याच जणी पहिलं कार्ड कपाटात जपून ठेवतात. रेघ वर्षानुवर्षं तशीच राहते, कारण उन्हानं उडावा असा रंग तिच्यात नसतोच. फॅरडेच्या काही कुप्या लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये आहेत आणि त्या अजून लाल आहेत. ठेवायचंच तर कार्डाच्या मागे पेननं तारीख आणि कितव्या मिनिटाला वाचलं ते लिहावं. वाळल्यानंतर उगवलेला चराही तिथंच तितकाच टिकतो.